पान सात

वीस पानं घेतली साडेतीनशे रुपयांत,
परसातली कोंबडी: पाळा आणि कमवा.
लिहिणाऱ्याचं नाव नाही.
विकणाऱ्यानं खाली एवढंच लिहिलेलं:
हवं ते बदला, तुमचं नाव टाका, विका,
आमची हरकत नाही.

हरकत नाही, हे वाचून बरं वाटलं.
बारावीनंतर इतक्या सरळपणे
मला कोणी काही दिलं नव्हतं.

मी फक्त नाव टाकलं.
जयमाला इंगोले, मुक्काम धानोरा, तालुका मानोरा.
वरती लाल तुऱ्याचा कोंबडा,
तोही तयारच मिळालेला.
नव्याण्णव रुपये. पैसे आले की फाईल फोनवर.
पहिल्या आठवड्यात तेवीस गेल्या
आणि भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात
मी पाठ टेकून बसायला लागले.

मे महिन्यात फोन आला, रिसोडकडून.
आवाजात राग नव्हता, तेच वाईट.
"ताई, पान सातवर लिवलं हाये,
बर्फ पडाच्या आंधी खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवा.
बर्फाचं मी सोडून देल्लं,
आपल्याइकडं कुठचा बर्फ.
फटी तेवढ्या बुजवल्या.
नऊ होत्या. दोन राह्यल्या."

पैसे परत पाठवते म्हटलं.
"पैशाचं नाई म्हनत मी," ती म्हणाली,
आणि फोन ठेवण्याआधी थोडा वेळ
तिच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

त्या रात्री मी पान सात उघडलं.
पहिल्यांदाच.

सकाळी वही घेऊन तांड्यावर गेले,
सक्रीबाई राठोडकडे, जिच्या कोंबड्या
चाळीस वर्षांत कोणी मोजल्या नाहीत.
मी वाचत गेले, ती हसत गेली.
"कोंबडीले बरफ? बाप्पा!
छपरावर पऱ्हाट्या टाक, बाजूनं ओलं बारदान,
अन् वारा येऊ दे, वारा काहून अडवतं?"
कोल्ह्याच्या जागी मुंगूस आलं.
देवदाराच्या भुशाच्या जागी तुरीचं कुटार,
ओट्सच्या जागी ज्वारीची कणी.
मानमोडीचं तर त्या वीस पानांत नावच नव्हतं.
"मान वाकडी व्हाच्या आंधी टोचून आन,
मंग डॉक्टर नाई, खड्डाच लागते."
हे मी जसंच्या तसं लिहिलं,
फक्त खड्डा लिहिताना हात थांबला.

दोन महिने लागले.
वीसाची एकतीस पानं झाली.
ज्या तेवीस जणांनी आधीचं घेतलं होतं
त्यांना फुकट पाठवलं, वर लिहिलं,
आधीचं वाचू नका, विशेषतः सातवं.
चौघांचं उत्तर आलं. एकानं विचारलं,
आधीचं म्हणजे कोणतं?

शेवटच्या पानावर सक्रीबाईचं नाव आहे.
विक्रीतला चौथा हिस्सा तिचा,
तो ती रोख घेते आणि मोजत नाही.
रिसोडच्या बाईला विचारलं, तुमचंही टाकू?
"मेल्या कोंबड्याईवर काय नाव लावता," म्हणाली.
म्हणून पान सातला तेवढी जागा कोरी सोडली आहे.
छपाईची चूक वाटते. वाटू दे.

परवा तीच जुनी वीस पानं दिसली,
दुसऱ्या कोणाच्या नावानं, एकोणपन्नास रुपये.
घेतली. उघडली.
बर्फ होता.

आणि एक सांगायचं राहिलं.
मूळ मजकुरातली एक ओळ मी बदलली नाही:
रोज सकाळी पाणी बदला. कोंबडी सांगत नाही, भांडं बघा.
चार वेळा लिहून पाहिली माझ्या शब्दांत,
चारही वेळा खोडली.
नाव नसलेल्या त्या माणसाकडे
खरंच कोंबड्या असाव्यात,
आणि सकाळी भांड्यातलं पाणी गोठत असावं.